टेस्टर लागतो, दिवा लागत नाही

नवा बल्ब लावला, बटण चालू आहे, होल्डरला टेस्टर टेकवला तर तोही लागतो. दिवा मात्र लागायचं नाव घेत नाही. अशा वेळी घरोघरी एकच क्रम चालतो. आधी दुसरा बल्ब येतो, मग होल्डर बदलतो, मग बटण. दुकानाच्या खेपा घालून झाल्या की वायरमनला फोन जातो. तो येतो, होल्डरच्या दोन्ही पिनांना आळीपाळीने टेस्टर लावतो. दोन्हीकडे लागतो. ‘न्यूट्रल गेलाय,’ म्हणतो आणि होल्डर तसाच सोडून बाहेरच्या खोलीतला बोर्ड उघडतो. आत काळी पडलेली एक गाठ असते. ती कापून तारा नव्याने जोडल्या की दिवा लागतो. बल्ब, होल्डर आणि बटण यांपैकी कशाचाच दोष नव्हता.

घरातल्या दिव्यांचा बिघाड शोधताना हातापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं. आणि त्या विचाराला सगळ्यात जास्त चकवतो तो आपल्या प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला टेस्टर. तो खोटं बोलत नाही, पण त्याला जे विचारलेलंच नाही त्याचं उत्तर आपण त्याच्या तोंडी घालतो. स्क्रूड्रायव्हरसारख्या त्या दांडीत निऑन वायूचा इवलासा दिवा असतो आणि त्याच्यासोबत दहा लाख ओहमच्या आसपासचा एक रोध. टोक फेजला आणि बोट टोपीला लावलं की त्या रोधातून, दिव्यातून आणि आपल्या अंगातून थोडासा प्रवाह जमिनीकडे जातो. २३० व्होल्टला तो पाव मिलिअँपिअरहूनही कमी भरतो, म्हणून आपल्याला जाणवत नाही. निऑनला मात्र पुरतो. म्हणजे टेस्टर सांगतो ते इतकंच: या ठिकाणात आणि जमिनीत व्होल्टेजचा फरक आहे. इथून दिवा पेटण्याइतका प्रवाह मिळेल का, आणि गेलेल्या प्रवाहाला परतायला वाट आहे का, हे त्याला ठाऊक नसतं.

दिवा पेटायला तीच तर दुसरी गोष्ट लागते. फेज बटणातून होल्डरला येते, दिव्यातून पलीकडे जाते आणि न्यूट्रलच्या तारेने पोलापर्यंत, तिथून रोहित्रापर्यंत परतते. हा फेरा कुठेही तुटला तरी दिवा बंद. आपण फेजची बाजू तपासतो, कारण टेस्टर तिथे लागतो आणि बटणही तिथेच असतं. न्यूट्रलकडे कुणी पाहत नाही, कारण धडधाकट न्यूट्रलला टेस्टर लागतच नाही. घरगुती वायरिंगमध्ये न्यूट्रलची तार एका बोर्डातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी लूप करत नेलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती जोडणी म्हणजे नुसता पीळ मारून वर गुंडाळलेली टेप असते. या सगळ्या गाठी वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला पडत नाहीत. म्हणून अख्ख्या खोलीतले दिवे-पंखे एकदम बंद पडले, एमसीबी मात्र पडलेली नाही, असं दिसलं की माझा पहिला संशय न्यूट्रलवर असतो.

मग दोन्ही पिनांना टेस्टर का लागला? खोलीतल्या पंख्याचं बटण चालू राहिलेलं होतं. फेज पंख्याच्या गुंडाळीतून न्यूट्रलच्या तारेत उतरली; पण ती तार पुढे कुठेतरी तुटलेली, त्यामुळे तिला जायला वाट नाही. प्रवाह वाहत नाही म्हणून पंखा फिरत नाही, पण तुटलेल्या जागेअलीकडची सगळी न्यूट्रल तार आता फेजइतकीच जिवंत असते. वायरमन याला ‘रिटर्न येतोय’ म्हणतात. निदानासाठी ही खूण सोन्यासारखी आहे आणि हातासाठी तितकीच घातक. काळी तार आहे म्हणजे बिनधास्त धरावी, हा समज इथे जिवावर बेततो. फक्त दिव्याचं बटण बंद करून होल्डरमध्ये हात घालणारे लोक पाहिले की म्हणूनच काळजात धस्स होतं. जुन्या घरांत तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. तिथे बटण बंद केल्यावर दिवा विझतो, होल्डर मात्र जिवंतच राहतो. साधा बल्ब बदलतानाही मेन बंद करावा, यात भित्रेपणा नाही.

टेस्टरचा उलटा धोकाही आहे. कोरड्या लाकडी स्टुलावर, जाड रबरी चपला घालून, भर उन्हात पाहिलं तर त्याचा मिणमिणता उजेड दिसत नाही आणि जिवंत तार मेलेली वाटते. म्हणून जाणकार माणूस टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटला लावून पाहतो, मग संशयित जागी, मग पुन्हा त्या सॉकेटला. मल्टिमीटर घेतला की प्रश्न सुटतो असंही नाही. डिजिटल मीटर इतका कमी प्रवाह ओढतो की एकाच पाइपातून जिवंत तारेशेजारून गेलेली, दोन्हीकडून तोडलेली तारही त्यावर साठ-सत्तर व्होल्ट दाखवू शकते. शेजारच्या तारेमुळे उमटलेलं ते पोकळ व्होल्टेज असतं, त्यात दम नसतो. यासाठीच जुने वायरमन पिशवीत एक होल्डर, दोन तारा आणि पिवळा, तारेचा बल्ब बाळगतात. या टेस्ट लॅम्पला खरा प्रवाह लागतो, त्यामुळे पोकळ व्होल्टेज त्याच्यापुढे टिकत नाही. फेज आणि न्यूट्रलमध्ये धरल्यावर तो लागत नाही, पण फेज आणि अर्थिंगमध्ये धरल्यावर लागतो, तर न्यूट्रल तुटला हे पक्कं. गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी घरात असेल तर या दुसऱ्या परीक्षेत दिवा लागण्याऐवजी ती ट्रिप होईल. तेही उत्तरच झालं. हे काम मात्र वायरमनचं, घरच्या माणसाने उघड्या तारा हातात घेऊन करायचं नाही.

घरच्या माणसाने करायचं काम वेगळं आणि जास्त मोलाचं आहे: प्रश्न विचारणं. एकच दिवा गेला की खोली? खोली गेली की घर? घर गेलं तर जिन्यातला दिवा आहे का, समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे का? बंद पडण्याआधी तो लुकलुकत होता का? त्या दिवशी पाऊस होता का? भिंतीत फोटोसाठी खिळा ठोकला, पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारलं, रंगाऱ्याने बोर्ड सैल करून पुन्हा बसवले, असं काही झालं का? एवढ्या उत्तरांनी निम्मं घर तपासातून वगळलं जातं. भारतीय मानक आयएस ७३२ नुसार दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा. वायरिंग नियमाने झालेलं असेल तर एका एमसीबीखाली शोधायच्या जागा दहाच्या आत येतात. त्यांतली शेवटची चालू जागा आणि पहिली बंद जागा सापडली की बिघाड या दोघींच्या मधे कुठेतरी असतो, आणि बहुधा या दोघींपैकी एकीच्या बोर्डातच.

एकटा दिवा गेला असेल तर पहिली परीक्षा फुकटची. तो बल्ब चालू असलेल्या होल्डरमध्ये लावायचा आणि तिथला इथे. बल्ब दोषी ठरला तर गोष्ट संपली. नऊ वॅटच्या एलईडी बल्बात बारीक एलईडी बहुधा एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक उघडला तर सगळी माळ विझते. काळा ठिपका पडलेला एलईडी डोळ्यांनाही दिसतो. पण त्याहून अधिक वेळा मरतो तो बल्बाच्या मानेत बसवलेला ड्रायव्हर, आणि त्याला मारते उष्णता. हवा न लागणाऱ्या बंद काचेच्या हंडीत एलईडी बल्ब घालायचा आणि वर्षभरात गेला म्हणून कंपनीला नावं ठेवायची, हे बरोबर नाही. बल्ब निर्दोष असेल तर होल्डर पाहायचा. पिनांच्या होल्डरमधल्या पितळी पिनांची स्प्रिंग जुन्या साठ-शंभर वॅटच्या बल्बांच्या आचेने मेलेली असते. बल्ब वर दाबून धरला की लागतो आणि सोडला की जातो, असं असेल तर होल्डर बदला, चाळीस वर्षं जुन्या पिना वाकवत बसू नका.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहतो किंवा अधूनमधून चमकतो, ही तक्रार तारेच्या बल्बांच्या काळात कुणी ऐकली नव्हती. भुताखेतांचा संबंध नाही. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल, बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल, किंवा बटणाकडे येणारी-जाणारी तार लांबवर जिवंत तारेला चिकटून गेली असेल, तर बंद अवस्थेतही किंचित प्रवाह झिरपतो. साठ वॅटच्या बल्बाला तो जाणवतही नसे. एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर मात्र थेंबाथेंबाने भरतो, पुरेसा भरला की दिवा क्षणभर चमकतो, रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. यातलं पहिलं कारण दुरुस्त केलंच पाहिजे. बाकीची दोन घातक नाहीत.

जिन्यात किंवा पलंगाशी दोन बटणांनी चालणारा दिवा असेल आणि तो एका बटणाच्या ठरावीक स्थितीतच लागत असेल, तर दोन टू-वे बटणांमधल्या दोन तारांपैकी एक निसटलेली असते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचं निदान तर डोळ्यांनीच होतं: दोन्ही टोकं लालसर पेटलेली पण ट्यूब लागत नाही, तर स्टार्टर काढून पाहायचा, काढताच ट्यूब लागली तर स्टार्टर चिकटला होता, टोकं काळी पडलेली, तर ट्यूबच संपली.

आता लुकलुकण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. बंद पडलेला दिवा सहसा आग लावत नाही. लुकलुकणारा आग लावू शकतो. सैल स्क्रूखाली तार हलते, तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, त्या एका बिंदूचा रोध वाढतो. तिथे तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. नऊ वॅटचा एलईडी इतका थोडा प्रवाह ओढतो की त्याच्या एकट्याच्या जिवावर ती गाठ वर्षानुवर्षं नुसती कुरकुर करत राहील. पण त्याच लाइनवरच्या सॉकेटला कुणी हजार वॅटची इस्त्री लावली की चार अँपिअरहून अधिक प्रवाह त्या गाठीतून जातो आणि पीव्हीसी वितळायला लागतं. इस्त्री लावली की दिवा मंदावतो, प्लगच्या आसपास बोर्ड कोमट लागतो, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास येतो, बोर्डातून ‘चर्र’ असा आवाज येतो: यांतलं एक जरी लक्षात आलं तरी त्या सर्किटची एमसीबी खाली पाडून ठेवायची आणि मगच वायरमनला बोलवायचं.

इथे एमसीबी वाचवेल, हा भरवसा ठेवू नका. सैल गाठ प्रवाह वाढवत नाही, उलट किंचित कमीच करते. एमसीबीच्या दृष्टीने सारं आलबेल असतं. जुन्या चाळी-वाड्यांत ॲल्युमिनियमची तार अजून आहे, तिथे धोका जास्त. तांब्यापेक्षा ॲल्युमिनियम मऊ. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, जोड सैल होतो, आणि त्याचा ऑक्साइड वीज वाहूच देत नाही. तांब्याची नवी तार ॲल्युमिनियमच्या जुन्या तारेला नुसता पीळ मारून जोडणं म्हणजे पुढच्या बिघाडाची तारीख ठरवून ठेवणं आहे. तशी अर्धवट दुरुस्ती करण्यापेक्षा त्या खोलीचं वायरिंग नव्याने ओढलेलं स्वस्त पडतं, असं माझं मत आहे.

ट्रिप होण्याचे प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. बटण दाबताच एमसीबी पडली, तर शॉर्ट; तास-अर्ध्या तासाने पडली, तर भार जास्त किंवा तिच्याच स्क्रूशी उष्णता. अशा वेळी सगळी बटणं बंद करायची, प्लग काढायचे, एमसीबी वर करायची आणि एकेक चालू करत जायचं. ज्याच्यावर पडेल तो चोर. वर करताच पुन्हा पडते आहे आणि तरी आपण पाच वेळा वर करून पाहतो आहोत, हा हट्ट सोडा. जुन्या किटकॅट फ्यूजच्या घरांत असला हट्ट तांब्याच्या जाड तारेने पुरा करतात. वितळण्यासाठीच बसवलेली तार वितळू नये म्हणून जाड केली, तर मग भिंतीतली तार वितळते.

आरसीसीबीचं मात्र न्यारं आहे, आणि तिच्या बाबतीत ‘एकेक चालू करत जा’ ही युक्ती हमखास निरपराध्याला पकडते. फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. दोघांत ३० मिलिअँपिअर फरक पडला तर वीज तोडते. आता समजा, गॅलरीतल्या दिव्याच्या पेटीत पावसाचं पाणी शिरलंय आणि तिथली न्यूट्रलची तार ओल्या भिंतीशी किंवा अर्थिंगच्या तारेशी लागली आहे. गॅलरीचा दिवा बंद आहे. नेहमीचं बटण आणि एका पोलची एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सकाळी कुणी गीझर लावला. गीझरचा आठ-नऊ अँपिअर प्रवाह न्यूट्रलने परतताना गॅलरीतल्या वाटेनेही थोडा जमिनीत उतरला, हिशेब चुकला, आरसीसीबी पडली. दोष गीझरवर. तो दुरुस्तीला जातो, तिथे उत्तम चालतो, घरी आला की पुन्हा ट्रिप. अशा वेळी मेन बंद करून डिस्ट्रिब्युशन बोर्डात एकेका सर्किटचा न्यूट्रल पट्टीवरून सोडवत मेगर या रोध मोजणाऱ्या मीटरने ५०० व्होल्टवर तपासणं हाच मार्ग. तारा आणि अर्थिंग यांमधला रोध किमान एक मेगाओहम तरी भरला पाहिजे. दिवे, एलईडी ड्रायव्हर वगैरे काढून ठेवूनच ही चाचणी करतात. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर आरसीसीबी ‘उगाच’ पडते अशी तक्रार असते. ती उगाच पडत नाही. फाटकावरचा दिवा, गच्चीवरचा दिवा, बाथरूमचं छत आणि बोर्डात शिरून मेलेली पाल, या चार जागा आधी पाहाव्यात.

लोडशेडिंगच्या काळात घाईने बसवलेले इन्व्हर्टर हेही याच दुखण्याचं मोठं कारण. फेज एका आरसीसीबीखालची आणि न्यूट्रल भलत्याच ठिकाणचा घेतला असेल, तर कुठेही गळती नसताना हिशेब चुकतोच. आणखी एक: मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवरचे दिवे जिवंत असतात. वायरमन काम सुरू करण्यापूर्वी त्याला इन्व्हर्टर आहे हे सांगा, आणि तो बंद करा.

शेवटी अशी वेळ, जेव्हा बिघाड घरात नसतोच. काही दिवे डोळे दिपतील इतके प्रखर, काही मंद, पंखा मधेच जोरात पळतोय: पोलावरचा किंवा रोहित्राजवळचा न्यूट्रल तुटला आहे. वेगवेगळ्या फेजवरची घरं अशा वेळी चारशे व्होल्टवर एकमेकांशी सिरीजमध्ये येतात आणि ज्याच्याकडे भार कमी त्याच्या वाट्याला जास्त व्होल्टेज जातं. टीव्ही, फ्रिज, ड्रायव्हर सगळं मिनिटाभरात जळू शकतं. विचार न करता मेन पाडा. खेड्यात ‘डीओ उडाला’ म्हणतात तो प्रकार वेगळा: अकरा हजार व्होल्टच्या बाजूचा एक फ्यूज गेला की रोहित्राच्या पलीकडे एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहतं आणि उरलेल्या दोन फेजवर निम्मं. एलईडी तेवढ्यावरही लागतो म्हणून लक्षात येत नाही, पण पंखा रखडतो आणि फ्रिज नुसता घुमतो. फ्रिजचा प्लग काढा आणि १९१२ ला कळवा. मीटरपर्यंतची तार कंपनीची, मीटरनंतरची आपली. कंपनीचा लाइनमन, म्हणजे जनमित्र, घरातलं वायरिंग दुरुस्त करणार नाही आणि आपल्या वायरमनने पोलाला हात लावायचा नाही.

वायरमन बोलावताना आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री आहे का आणि परवाना आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आलेला माणूस काहीही न विचारता थेट होल्डर बदलायला लागला, तर त्याला थांबवा आणि वरचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं तुम्हीच त्याला सांगा. आणि घरात आरसीसीबी असेल तर तिच्यावरचं ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण वीज चालू असताना आजच दाबून पाहा. ती खाली पडली, तर वर करा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दाबा. पडली नाही, तर दिव्याचं काम नंतर पाहू. आधी ती बदलून घ्या.